टँगोतला ‘टाकलेला’ पुरुष

रेवा_ब

पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कामानिमित्त तीन वर्षं अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसला होते. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, टँगो शिकलीस की नाही?" शिकले. चार महिने क्लासला गेले, पाच-सहा सज्जनांचे पाय तुडवले आणि नाचाला रामराम ठोकला. गाणी मात्र जी चिकटली ती चिकटलीच.

आपल्याकडे टँगो म्हणजे दातांत गुलाब धरायचा आणि झटक्यात मान वळवायची. आमच्या घरमालकीणबाईंच्या लेखी (वय ऐंशीच्या पुढे) टँगो म्हणजे इस्त्री करताना लावायची गोष्ट. तिथे शहराच्या सरकारचंच एक रेडिओ केंद्र आहे, त्यावर दिवसभर टँगो. बाई सकाळी अकराला इस्त्रीचं टेबल मांडायच्या आणि नवऱ्याच्या शर्टांची चळत संपेपर्यंत रेडिओबरोबर गात राहायच्या. आवाज घोगरा, सूर पक्का.

एकदा कोपऱ्यावरच्या बेकरीतून बिस्कोचितोस आणले. खारीचा धाकटा भाऊ समजा: बोटभर, खुसखुशीत, मीठ जरा जास्त. मातेबरोबर खातात. (माते म्हणजे तो कडू पाला. तुंब्यात गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं.) पुडा टेबलावर ठेवला तशी बाईंनी इस्त्री उभी केली, पुड्याकडे बघितलं आणि एक ओळ म्हटली. मला वाटलं, जाहिरातीचं गाणं असेल. तर म्हणाल्या, "जाहिरात कसली अगं, कोंतुर्सी आहे हा."

गाणं होतं ‘मी नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’. चाल सामुएल कास्त्रिओताची, ती आधीपासूनच होती, नाव ‘लीता’, नुसती वाजवायची. पास्कुआल कोंतुर्सीने तिच्यावर शब्द बसवले आणि १९१७ साली कार्लोस गार्देलने, टँगोच्या सगळ्यांत नावाजलेल्या गायकाने, ते रेकॉर्ड केलं. त्याआधी टँगोला शब्द नव्हते असं नाही, पण बरेचसे फुशारकीचे: मी कसा नाचतो, माझा चाकू कसा चालतो. इथे एक गडी खोलीत एकटा बसून रडला. टँगोच्या भावगीतांचा जमाना तिथून मोजतात.

आता या गाण्यात काय काय आहे बघा. ती सोडून गेलीय. हा अजूनही मातेबरोबर खायला बिस्कोचितोस घेऊन येतो, ती असताना आणायचा तसेच. रात्री दाराला कडी लावत नाही, दार उघडं राहिलं की ती येईल असं वाटत राहतं. तिच्या रिबिनी बांधलेल्या बाटल्या आता दिसत नाहीत. आरशावर धुकं धरलंय, जणू तोच रडला. गिटार कपाटात टांगलेली आहे, तिला कुणी हात लावत नाही. आणि खोलीतला दिवासुद्धा रुसलाय, उजेड द्यायला तयार नाही.

बाईंनी हे सगळं मला इस्त्रीच्या टोकाने खोलीतल्या वस्तू दाखवत दाखवत सांगितलं.

नंतर मी ते शब्द लिहून काढले तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या गाण्यात ती बाई दिसतच नाही. डोळे नाहीत, केस नाहीत, नावसुद्धा नाही. आहे ती फक्त खोली. पुढे १९४८ मधलं ‘सुर’ (म्हणजे दक्षिण) ऐकलं. शब्द ओमेरो मान्सीचे, चाल आनिबाल त्रोइलोची. ते तर सुरूच पत्त्याने होतं: सान हुआन आणि बोएदो, दोन रस्त्यांचा चौक. एखादं मराठी भावगीत ‘अलका टॉकीजचा चौक’ म्हणून सुरू झालं तर कसं वाटेल? पुढे लोहाराचा कोपरा, चिखल, मातीचा भराव, पोम्पेया वस्ती आणि तिच्यापलीकडे पुराचं पाणी. मुलगीही आहे, तिचे मोकळे केस आहेत, पण शेवटाला रडू येतं ते बदलून गेलेल्या वस्त्यांसाठी.

माझं म्हणणं एवढंच की टँगोत प्रेयसी हे निमित्त आहे. आठवण मुक्कामाला असते ती वस्तूंत आणि जागेत. पटतंय का?

आणि एक अडचण. मी ‘मी नोचे त्रिस्ते’ मराठीत करून बघतेय आणि पहिल्याच ओळीला अडकलेय. तो म्हणतो, ऐन उमेदीत मला टाकून गेलीस. पण मराठीत बाईला टाकतात! ‘नवऱ्यानं टाकलंय तिला’, ‘टाकलेली बाई’. ‘बायकोनं टाकलंय त्याला’ हे मी तरी कधी ऐकलेलं नाही. फार तर ‘त्याची बायको पळून गेली’. म्हणजे क्रियापद सगळं तिचं, हा नुसता दारात उभा.

सुचवा काहीतरी.

चहाबाज

मस्त धागा! खारीवर जीव आला. कृती मिळेल काय?

रेवा_ब

@चहाबाज, नावातच चरबी आहे हो त्यांच्या, ‘दे ग्रासा’. बैलाची. शाकाहारी असाल तर आपली इराण्याची खारी बरी.

चहाबाज

बरं बरं. गाण्याबद्दल बोला.

तिरकस

धाग्याचा विरस करतो, माफी असावी.

ही सगळी रडगाणी आहेत. बाई गेली, बाई गेली, बाई गेली. का गेली, हे एकाही पठ्ठ्याने विचारलेलं नाही. ‘कोंव्हेंतिल्यो’ म्हणायचे त्या चाळीत एका खोलीत पाच-सात माणसं, सगळ्यांत मिळून एक नळ. तिथून एखादी मुलगी झगमगाटात गेली की ही मंडळी तिच्या नावाने गाणी लिहिणार: सुती झगा सोडून रेशमाला भुललीस, आता बघ तुझं काय होतं ते. १९४३ सालचं ‘पेर्काल’ नावाचं एक गाणं आहे, अप्रतिम आहे, कबूल. ओमेरो एक्स्पोसितोचे शब्द. पण पेर्काल म्हणजे तोच गरिबाघरचा सुती कपडा, आणि सूर तोच.

त्याहून वाईट म्हणजे एन्रिके सान्तोस दिसेपोलोचं १९२८ सालचं ‘एस्ता नोचे मे एम्बोर्राचो’, आज रात्री पिऊन पडणार. दहा वर्षांपूर्वी जिच्यासाठी वेडा झालो, ती पहाटे एका कॅबरेतून बाहेर पडताना दिसते: सुकलेली, म्हातारी झालेली. ह्याला वाईट कशाचं वाटतं? हिच्यापायी आपण आयुष्य उधळलं ह्याचं! ती बिचारी दहा वर्षं कशी जगली, ह्यावर एक ओळ नाही.

खुद्द बोर्हेसला, म्हणजे अर्जेंटिनाच्या त्या थोर लेखकाला, गार्देलचा रडका टँगो मानवत नसे. त्याला जुना, चाकू-सुरीचा, बेदरकार टँगो प्रिय. मी बोर्हेसच्या बाजूने.

रेवा_ब

@तिरकस, दिसेपोलोच्या गाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. मला ते पूर्ण ऐकवत नाही.

पण चाकू-सुरीवाला टँगो तरी कुणाचा? तोही पुरुषांचाच. १९१४ च्या जनगणनेत ब्वेनोस आयरेसची निम्म्याच्या आसपास माणसं परदेशात जन्मलेली होती. इटली, स्पेन, पोलंड. त्यांत एकटे आलेले पुरुष भरपूर. गाव सुटलं, आई सुटली, बोली सुटली. एवढं सगळं गाण्यात कुठे मांडणार? एक बाई गेली म्हणायचं आणि सगळ्यासाठी एकदम रडून घ्यायचं. हा माझा अंदाज आहे, पुरावा मागू नका.

तिरकस

पुरावा मागत नाही. पण मग त्या बाईला रडायला काय होतं?

अनुराधा_वाई

तिरकसभाऊंचा शेवटचा प्रश्न वाचून राहवेना, म्हणून लिहिते. स्पॅनिश मला येत नाही, टँगोही भाषांतरांतूनच माहीत.

रेवा, तुझी अडचण नुसत्या शब्दाची नाही गं. आपल्याकडे विरहाचा मक्ताच बाईकडे आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या घे. लिहिणारा पुरुष, पण बोलते ती विरहिणी. ठुमरीत तेच, गौळणीत तेच. म्हणजे पुरुषाला ताटातुटीचं दुःख मांडायचं तर आधी बाई व्हावं लागतं, लुगडं नेसावं लागतं. आणि आमच्या संगीत नाटकात तर खरोखरच नेसावं लागायचं! गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ साली. पुढची कितीतरी वर्षं बालगंधर्व रंगभूमीवर बाई होऊन गात होते आणि घरोघरी बायका त्यांच्यासारखं नेसत होत्या.

तिकडे ह्याच्या नेमकं उलट झालेलं दिसतं का? म्हणजे पुरुषाचं रडणं बाईने गायलं असं?

रेवा_ब

अनुराधाताई, झालंय! आणि तेही ह्याच गाण्याच्या बाबतीत. गार्देलने रेकॉर्ड केलं खरं, पण ते लोकांच्या तोंडी बसलं १९१८ साली एका नाटकातून, आणि तिथे ते मानोलिता पोली नावाच्या नटीने म्हटलं. शब्द पुरुषाचे, तसेच ठेवलेले. पुढे आसुसेना मायसानी तर रंगमंचावर पुरुषी पोशाख घालून टँगो गायची. तीच बाई स्वतः गाणी लिहायची आणि चालीही लावायची.

तुमचा प्रतिसाद वाचून तासभर नुसती बसून होते. त्याच दशकात मुंबई-पुण्यात एक पुरुष बाईचा विरह गातोय आणि ब्वेनोस आयरेसमध्ये एक बाई पुरुषाचा.

पानवाला_दादर

वाचखूण साठवली आहे.

भाता

इकडे फारसं लिहीत नाही, वाचतो. पेटी दुरुस्तीचं काम करतो म्हणून आयडी हा.

टँगोत जे वाजतं ते बांदोनिओन, आपल्या पेटीचं चुलत भावंड. हवेने थरथरणारी धातूची पट्टी, तत्त्व तेच. मूळ जर्मन. टँगोवाल्यांचा जीव ज्याच्यावर, ते आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यातलं, ‘डबल ए’ शिक्क्याचं. माझ्या हातात एकदाच आलं होतं. एका गिऱ्हाईकाने परदेशातून आणलेलं, भाता फाटलेला. उघडून बघितलं आणि घाबरून बंद केलं.

कारण सांगतो. पेटीत भाता कुठेही असो, ‘सा’ दाबला की ‘सा’च वाजणार. ह्यात दोन्ही बाजूंना मिळून एकाहत्तर बटणं, आणि बहुतेक बटणांना भाता उघडताना एक सूर, मिटताना दुसरा. बटणांची मांडणीसुद्धा सरळ नाही, सूर कुठेही विखुरलेले. शिकणारा रडकुंडीला येतो. म्हणून पुष्कळ वाजवणारे गुडघ्यावर ठेवून उघडताउघडताच वाजवतात आणि मग हवा सोडून झटकन मिटतात. नीट कान देऊन ऐका, ओळ संपली की फुस्स असा श्वास ऐकू येतो. गाणाऱ्याचा वाटतो, पण वाद्याचा असतो.

रेवाताई म्हणतात आठवण वस्तूत असते. मला हे रोज दिसतं. गेलेल्या माणसाची पेटी दुरुस्तीला येते, मी विचारतो वाजवणार कोण, तर म्हणतात वाजवणार कुणीच नाही, पण सुरात असू दे.

अनुराधा_वाई

_/\_

मडगावकर

जरा अवांतर. आमचे एक आजेकाका मुंबईत हॉटेलांतल्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, टँगो, सगळं कागदावरून. गोव्याची पुष्कळ मंडळी तेव्हा ह्याच धंद्यात. त्यांना टँगोला शब्द असतात हेच ठाऊक नव्हतं. कुणीतरी पुढे रेकॉर्ड ऐकवली, तर म्हणाले, "अरे, हे तर मांडो!" मांडोही तसाच: संथ, जोडीने नाचायचा, आणि शब्द बहुतेक प्रेमाचे नि ताटातुटीचे. फक्त मांडोत माणसं समोरासमोर राहतात, हातात पंखा-रुमाल, अंगाला अंग लागत नाही. टँगोत मिठी मारून विरह गायचा. ते मला अजूनही कोडं आहे.

ट्रेकर_निल्या

मी अर्जेंटिना फिरून आलोय! ब्वेनोस आयरेसच्या ला बोका वस्तीतली ती रंगीबेरंगी पत्र्याची घरं असलेली गल्ली, ‘कामिनितो’, त्यावरच ते प्रसिद्ध गाणं आहे. प्रेयसीबरोबर ज्या वाटेने जायचो ती वाट, आता ती नाही वगैरे. फोटो टाकू का?

कुलकर्णी_मास्तर

निल्या, फोटो टाक, पण वाट चुकलास.

गाणं १९२६ चं. शब्द लिहिणारा गाब्रिएल कोरिया पेन्यालोसा, म्हणजे गाब्रिएल नव्हे, चुकलो, गाबिनो. ह्या वयात नावं घसरतात. तर त्याच्या डोक्यातली वाट होती ला रिओहा प्रांतातल्या ओल्ता गावची, राजधानीपासून कुठल्या कुठे, कोरड्या डोंगराळ मुलखातली पाऊलवाट. चाल लावणारा हुआन दे दिओस फिलिबेर्तो मात्र ला बोकाचा. त्याच्या मनात स्वतःच्या वस्तीतली वाट. १९५९ मध्ये ला बोकातल्या त्या गल्लीला गाण्याचं नाव दिलं. म्हणजे आधी गाणं, मग रस्ता. रेवाच्या मुद्द्याला हे उलट्या बाजूने लागू पडतं: आठवणीला जागा नव्हती, म्हणून बांधून घेतली.

बाकी धागा उशिरा पाहिला. भाषेबद्दल दोन शब्द लिहितो. कोंतुर्सीच्या पहिल्या ओळीतलं ‘टाकून जाणं’ आणि ‘बाई’ हे दोन्ही शब्द शुद्ध स्पॅनिशमधले नाहीत, ते ‘लुनफार्दो’तले, बंदरावरच्या आणि चाळीतल्या बोलीतले. तिच्यात इटलीकडचे पुष्कळ शब्द आले. शिवाय शब्द उलटा करायची खोड: टँगोचं ‘गोतान’, काफेचं ‘फेका’. आपण शाळेत ‘च’ची भाषा बोलायचो ना, तशातलं. १९४३ नंतर लष्करी राजवटीत रेडिओवर ह्या बोलीला बंदी आली आणि गाणी सोवळ्यात न्हाऊ घातली. ‘लोस मारेआदोस’ म्हणजे ‘झिंगलेले दोघं’. काय गाणं आहे! दोघं शेवटच्या रात्री पीत बसलीत, हसतायत, आणि तो म्हणतो, आज तू माझ्या भूतकाळात दाखल होणार. त्या गाण्याचं नावच बदललं, कारण झिंगणं नको.

त्यामुळे रेवा, ‘प्रिये’ अजिबात नको. ‘प्रिये’ म्हटलंस की नाट्यपद झालं.

तिरकस

‘छावी’ म्हणा. बंदरावरची बोली, हिशेबात बसते.

रेवा_ब

‘छावी’ म्हटलं की कॉलेजचा कट्टा झाला हो. ‘बये’ कसं वाटतं?

अनुराधा_वाई

‘बये’त राग आहे, लाडही आहे. ठेव.

कुलकर्णी_मास्तर

‘बये’ला माझंही अनुमोदन.

आता खरं सांगायचं ते सांगतो, कारण कोंतुर्सीचं नाव निघालं आणि मुलाचं निघालं नाही, ह्याचं नवल वाटलं.

पास्कुआल कोंतुर्सी पॅरिसला गेला, तिथून आजारी होऊन परत आला, डोक्यावर परिणाम झालेला, आणि १९३२ मध्ये वारला. त्याचा मुलगा होसे मारिया, जन्म १९११ चा. तोही टँगोच लिहायला लागला. लग्न झालेलं, मुलंबाळं. कोर्दोबाच्या डोंगरात कापिल्या देल मोन्ते म्हणून हवापालटाचं गाव आहे, तिथली एक तरुण मुलगी, सुसाना ग्रिसेल विगानो. जीव जडला. निभणार कसं? हा माघारी घरी गेला. पण मग एकामागून एक जी गाणी लिहिली, १९४० च्या आसपासची, त्यांत सगळीकडे तीच दिसते असं म्हणतात. १९४२ मध्ये तर आडपडदाच ठेवला नाही आणि गाण्याचं नाव सरळ ‘ग्रिसेल’ ठेवलं. चाल मारिआनो मोरेसची.

आता बापाचं गाणं आणि मुलाचं गाणं शेजारीशेजारी ठेव. बापाच्या गाण्यात ती गेली, नाव नाही, दोष तिचा. मुलाच्या गाण्यात नाव आहे आणि दोष स्वतःचा. तो म्हणतो, तुझं स्वप्न काचेचं होतं, मी निघालो तेव्हा फुटलं, कारण मी कधी, कधीच परत आलो नाही. तिरकस, तुम्ही म्हणालात एकानेही स्वतःकडे बघितलं नाही. हा बघतो.

तिचंही पुढे लग्न झालं, टिकलं नाही, पदरात एक मुलगी. ह्याची बायको वारली. वीस-बावीस वर्षांनी, दोघांच्या ओळखीच्या एका बांदोनिओन वाजवणाऱ्याकडून तिला निरोप लागला आणि दोघं पुन्हा भेटली. १९६७ मध्ये त्यांनी लग्न केलं. म्हणजे ‘कधीच परत आलो नाही’ लिहिणारा परत आला. पाच वर्षं संसार झाला. १९७२ मध्ये तो तिच्याच गावी वारला.

मला ह्यात एकच प्रश्न कायम छळतो. ज्या बाईच्या नावाचं गाणं पंचवीस वर्षं रेडिओवर सारा देश ऐकतोय, तिने ते त्या काळात कसं ऐकलं असेल? बाजारात, शेजारच्या घरातून येताना, स्वतःच्या नवऱ्यासमोर?

तिरकस

मास्तर, निरुत्तर. म्हणजे जवळजवळ.

मुलगी तिथेही गप्पच आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

ट्रेकर_निल्या

मी पत्र्याच्या घरासमोर डोळे पुसले होते हो मास्तर. पैसे परत मागू का?

मडगावकर

😂

स्नेहल_न्यूजर्सी

शांतपणे वाचत होते, पण ‘वोल्वेर’चं नाव कुणीच कसं काढलं नाही? ‘परतणं’. शब्द आल्फ्रेदो ले पेराचे, चाल नि आवाज गार्देलचा. वीस वर्षं म्हणजे काहीच नाही म्हणणारं. आमच्या इकडच्या महाराष्ट्र मंडळात ‘परत जायचं का’ हा विषय दर दिवाळीला निघतो आणि दर दिवाळीला मला हे गाणं आठवतं. कानशिलं पांढरी झालीत, लांबून दिवे लुकलुकताना दिसतायत आणि भेटीची भीती वाटतेय. भीती! आनंद नाही. हे मुंबई विमानतळावर उतरताना मला दर वेळी होतं.

दोघंही १९३५ च्या जूनमध्ये कोलंबियातल्या मेदेयिनच्या विमान अपघातात गेले. गाणं त्याच वर्षीच्या सिनेमातलं.

कुलकर्णी_मास्तर

स्नेहल, ‘वोल्वेर’ला उत्तर म्हणून ‘कोमो दोस एक्स्त्रान्योस’ ऐक, ‘दोन परक्यांसारखे’. १९४०, ह्याच धाकट्या कोंतुर्सीचं, चाल पेद्रो लाउरेन्सची. एकटेपणाने कासावीस होऊन तो तिला पुन्हा भेटायला जातो, समोर उभा राहतो, आणि कळतं की दोघं अनोळखी आहेत. आठवण खोटं बोलली. म्हणजे ग्रिसेलची पुनर्भेट व्हायच्या कितीतरी आधी ह्याने ती कागदावर घेऊन टाकली होती, आणि वाईट शेवट करून ठेवला होता. प्रत्यक्षात तसं झालं नाही.

स्नेहल_न्यूजर्सी

आत्ता ऐकलं. ऑफिसात ऐकायला नको होतं.

चहाबाज

रेवाताई, एक विचारायचं राहिलं. त्या घरमालकीणबाई. त्या इस्त्री करताना कुणाला आठवून गायच्या?

रेवा_ब

@चहाबाज, मलाही तेच वाटायचं! ‘सुर’ लागलं की त्यांचा आवाज बदलायचा. शर्टाची कॉलर अर्ध्यात सोडून इस्त्री हातात तशीच धरून उभ्या राहायच्या. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी एक फसलेलं प्रेमप्रकरण रचून ठेवलं होतं, अगदी पोम्पेयाच्या पुरासकट. निघायच्या आठवड्यात धीर करून विचारलं, कोण होता तो?

हसायला लागल्या. म्हणाल्या, "कोण असणार? हे काय, आतल्या खोलीत घोरतोय. एकोणीस वर्षांची असताना भेटला, अजून आहे, गुडघे सोडून सगळं धड आहे." मग इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "त्या चौकाच्या अलीकडे माझ्या मावशीचं शिवणाचं दुकान होतं. दुपारी शटर अर्धं ओढायची. खालून रस्त्यावरचे नुसते पाय दिसायचे. मी जमिनीवर बसून बटणं लावायची आणि पायांवरून माणूस ओळखायची." आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी रोज त्याच्यासमोरून जायची, तिथूनच रिचार्ज करायची.

बाकी भाषांतराची पहिली ओळ ‘ऐन भरात टाकलंस बये मला’ अशी केलीय. ‘टाकलंस’ तसंच ठेवलंय, वाचणारा अडखळला तर अडखळू दे. दाराच्या कडव्यात ‘कडी’ की ‘कोयंडा’ ह्यावर अडलंय.

भाता

कडी. कोयंडा बाहेरून असतो, तो आत आहे.